घोडा कोणाच्या हाती द्यावा?

ज्येष्ठ महिना लागला की बेळगाव जिल्ह्यातील चिकोडी तालुक्यातून, कृष्णाकाठच्या अंकली गावातून, दोन अश्व आळंदीच्या वाटेला लागतात. शितोळे सरकारांच्या वाड्यातून निघणारे हे हिरा आणि मोती सुमारे तीनशे किलोमीटरची वाट पायी चालून जातात आणि तेथून पुढे संत ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीसोबत पंढरपूर गाठतात. शिंद्यांच्या पदरी असलेल्या हैबतबाबा आरफळकरांनी एकोणिसाव्या शतकात पालखी सोहळ्याला आजचे रूप दिले, तेव्हापासून अश्वांचा मान अंकलीकडे आहे. एका अश्वावर जरीपटका घेतलेला स्वार असतो. दुसऱ्याच्या पाठीवर कोणीही बसत नाही; ते माउलींचे आसन मानले जाते.

वारीतील रिंगणाचे वर्णन भक्तीच्या अंगाने पुष्कळ झाले आहे. घोड्याच्या अंगाने पाहिले तर हा प्रसंग थक्क करणारा आहे. चहूबाजूंनी माणसांची दाटी, टाळ-मृदंगांचा गजर, टापांखालची माती कपाळी लावण्यासाठी वाकलेली माणसे, आणि या सगळ्यांतून पाठीवर स्वार नसलेला एक प्राणी वर्तुळात दौडतो व दौड संपली की थांबतो. घोडा हा जातीने भित्रा. धोका दिसला की आधी पळायचे आणि मग मागे वळून पाहायचे, या एका गुणावर त्याचा वंश टिकला. अशा प्राण्याला गर्दीतून पळायला लावणे सोपे आहे. गर्दीतून पळून पुन्हा शांत उभे राहायला शिकवणे फार कठीण. शिक्षकाची खरी परीक्षा या दुसऱ्या गोष्टीत असते, आणि घोडा शिकवायला देणारे बहुतेक मालक नेमकी पहिलीच पाहतात.

निपाणी, चिकोडी, रायबाग, कागल या पट्ट्यात घोडा पाळण्याची हौस जुनी आहे. कोणी घोडागाडीच्या शर्यतीसाठी पाळतो, कोणी लग्नाच्या वरातीसाठी, कोणी केवळ दारात शोभा असावी म्हणून. मुलांना घोडेस्वारी शिकवण्याची आवडही अलीकडे वाढू लागली आहे. खरेदी सारंगखेड्याच्या किंवा अकलूजच्या बाजारात होते, माळेगावच्या यात्रेत होते. मारवाडी आणि काठेवाडी घोड्यांना मागणी असते. शिवाय शहरांतील रेसकोर्सवरून निवृत्त झालेली थरोब्रेड जनावरे खासगी हातांत येतात. घोडा घेताना मालक त्याचे भोवरे पाहतो, कानांचा बाक पाहतो, चाल पाहतो, चार जाणत्यांना विचारतो. मात्र तोच घोडा शिकवायला देताना ‘अमक्या गावचा वस्ताद चांगला आहे म्हणतात’ एवढ्या ऐकीव गोष्टीवर काम भागवतो. वास्तविक चुकीचा घोडा विकता येतो. चुकीच्या हातून बिघडलेला घोडा ना विकता येतो, ना त्यावर निर्धास्तपणे मुलाला बसवता येते.

मराठ्यांच्या पागांत या कामाला स्वतंत्र माणूस असे. शिंगराला पाठीवर माणूस घ्यायला शिकवणारा तो चाबुकस्वार. दाणा-वैरण आणि खरारा पाहणारा तो मोतद्दार. दोघांची कामे वेगळी, मान वेगळा. आज बहुतेक ठिकाणी एकच माणूस दोन्ही कामे करतो आणि त्यातून घोटाळा होतो. घोड्याची उत्तम निगा राखणारा माणूस त्याला उत्तम शिकवू शकेलच असे नाही. स्वतः भरधाव घोडा फेकणारा स्वारही शिक्षक असतोच असे नाही. सरकारी घोड्यावर बसणारा बारगीर आणि स्वतःच्या घोड्यावर बसणारा शिलेदार यांत शिलेदाराला घोड्याची काळजी अधिक, कारण घोडा गेला तर त्याची रोजीरोटी जाई. शिक्षक निवडणाऱ्या मालकाने या शिलेदाराच्या नजरेने पाहावे.

निवडीपूर्वी घोडा कशासाठी हवा आहे, हे ठरवावे लागते. शर्यतीच्या गाडीला जुंपणारा वस्ताद दहा वर्षांच्या मुलीसाठी घोडा तयार करू शकेलच असे नाही, आणि यात त्याचा काही कमीपणाही नाही. रेसकोर्सवरून आलेल्या घोड्याचे तर सगळे शिक्षण उलगडून पुन्हा घालावे लागते. लगाम ताणला की तो थांबण्याऐवजी त्यावर भार टाकून अधिक जोराने पळतो, कारण त्याला तसेच शिकवलेले असते. अशा घोड्याला ‘नाठाळ’ म्हणणाऱ्या शिक्षकाला त्याचा पूर्वेतिहास कळलेला नाही, असे समजावे.

शिक्षक पारखायचा तर घोडा शिकतो कसा, हे थोडे तरी ठाऊक हवे. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्यामुळे त्याला जवळजवळ सगळ्या दिशांचे दिसते. नाकाच्या अगदी समोरचा आणि शेपटीमागचा चिंचोळा भाग तेवढा दिसत नाही. म्हणूनच मागून गुपचूप आलेल्या माणसाला तो लाथ मारतो. शिक्षणाचे मूळ तंत्र मात्र दाब आणि सैल या दोन शब्दांत मावते. टाच लागली, घोडा पुढे निघाला, की त्याच क्षणी टाच सुटली पाहिजे. लगाम आवळला, घोडा थांबला, की त्याच क्षणी हात सैल झाला पाहिजे. घोडा दाबामुळे शिकत नाही, दाब सुटल्यामुळे शिकतो. सुटका क्षणभर उशिरा झाली तर आपण नेमके काय बरोबर केले, हे त्याला कळत नाही. आणि घोडा बुजून उधळल्यावर घाबरून दाब सोडला, तर उधळले की सुटका होते, हा धडा तो पक्का करतो. घोड्याची स्मृती तल्लख असते. चुकीचा धडाही तो तितक्याच निष्ठेने जपतो.

म्हणून शिक्षकाचे बोलणे ऐकण्यापेक्षा त्याचे हात पाहावेत. एकदा ठरवून जावे, एकदा न कळवता जावे. त्याने शिकवलेले, त्याच्याच तबेल्यातील दोन-तीन घोडे आधी उभे असताना पाहावेत. तोंडाच्या कोपऱ्यांत जुन्या जखमांचे वण आहेत का, तंगाच्या जागी कातडे सोललेले आहे का, पाठीवर खोगिराच्या दाबाने पांढरे केस उगवले आहेत का, या खुणा कोणत्याही प्रशस्तिपत्रापेक्षा अधिक सांगतात. शिक्षक जवळ गेल्यावर घोडा मान वर उचलतो, कान मागे चिकटवतो, की त्याच्याकडे तोंड वळवतो, तेही पाहावे. मग तबेल्यातून बाहेर काढण्यापासून पुन्हा बांधण्यापर्यंत एक पूर्ण धडा पाहावा. यातला भरधाव धावण्याचा भाग सर्वांत कमी उपयोगाचा. त्याऐवजी शिक्षकाला सांगावे, ‘आता जरा कदमवर घ्या, इथे थांबवा, उतरा, पुन्हा चढा.’ चढताना जो घोडा जागेवर उभा राहत नाही, त्याचे शिक्षण पायथ्यातच राहिलेले आहे. थांबवताना जो मान आभाळाकडे फेकतो किंवा तोंड वासतो, त्याला थांबायला शिकवलेले नाही. वेदनेने थांबवले आहे.

येथे एक बारीक फरक लक्षात घ्यायला हवा, कारण अनुभवी मालकही त्यात फसतात. मार खाऊन मुकाट झालेला घोडा आणि विश्वासाने शांत झालेला घोडा दुरून सारखेच दिसतात. दोघेही हलत नाहीत. जवळ गेल्यावर फरक कळतो. शांत घोड्याचे कान फिरत असतात, तो ओठ चाळवतो, नवे काही दिसले की त्याची नजर तिकडे वळते, मान सैल असते. मुकाट घोड्याचा डोळा विझलेला असतो. नाकपुड्या आणि ओठ आवळलेले, अंग ताठ, आणि आजूबाजूला काहीही झाले तरी त्याची दाद नाही. असा घोडा महिनोन्‌महिने निमूट राहील आणि एखाद्या दिवशी, उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर कर्णे वाजवत शेजारून गेला की, त्याचा बांध फुटेल. साखर कारखान्यांच्या हंगामात चिकोडी-निपाणीच्या रस्त्यांवर ही वेळ रोज येऊ शकते. पुणे-बेंगळूर महामार्ग तर निपाणीला लागूनच जातो. ट्रॅक्टर, डीजे, फटाके, पत्र्यावर पडणारा पाऊस या गोष्टींची ओळख घोड्याला कशी करून देता, असा प्रश्न शिक्षकाला जरूर विचारावा. ‘डोळ्यांना झापडे लावतो’ किंवा ‘दोन फटके दिले की सवय होते’ असे उत्तर आले तर चहा घेऊन निघावे. आधी दुरून, मग थोडे जवळून, घोडा श्वास सोडेपर्यंत थांबून, असे सांगणारा माणूस कामाचा.

दुसरा प्रश्न याहून साधा आहे. घोड्याने नकार दिला तर काय करता? चांगला शिक्षक आधी दुखण्याचा संशय घेतो. दाढांच्या कडांना धार आली की लगामाची कडी लागताच गाल कापला जातो. खोगीर बसत नसेल तर पाठ दुखते. नाल चुकीचा ठोकला असेल तर पाऊल टाकवत नाही. यांपैकी काहीही घोड्याला सांगता येत नाही, तो फक्त ऐकेनासा होतो. म्हणून घोडा ताब्यात घेण्यापूर्वी पशुवैद्याकडून दात, पाठ आणि खूर तपासून आणायला सांगणारा शिक्षक जादा खर्च करायला लावत नाही. मालकाचे पुढचे सहा महिने वाचवतो.

वरातीत नाचणाऱ्या घोड्यांबाबत आणि शर्यतीच्या घोड्यांबाबत स्पष्ट बोलणे भाग आहे. पाय बांधून, टोचून, तोंडात काटेरी लगाम घालून घोड्याला ‘नाचवणारे’ आणि ‘पळवणारे’ लोक आहेत, आणि त्यांचे काम झटपट होत असल्यामुळे त्यांना गिऱ्हाईकही मिळते. प्राण्यांना निर्दयतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० चा आहे. ओझ्याच्या व ओढकामाच्या जनावरांसाठीचे १९६५ चे नियम टोकदार काठी, काटेरी लगाम आणि इजा करणारा साज यांना मनाई करतात. सलग पाच तासांहून अधिक किंवा दिवसात नऊ तासांहून अधिक काम घेण्यास, तसेच तापमान ३७ अंशांच्या वर असताना दुपारी बारा ते तीन या वेळेत जनावर जुंपण्यास त्याच नियमांची बंदी आहे. शर्यतींना आता परवानगी मिळाली आहे, असे सांगणारे वस्ताद अर्धेच सांगतात. १८ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने तमिळनाडू, महाराष्ट्र आणि कर्नाटक यांच्या ज्या दुरुस्त्या उचलून धरल्या, त्या जल्लिकट्टू, बैलगाडा शर्यत, कंबळ यांच्यासाठी, म्हणजे बैल-रेड्यांसाठी आहेत. घोडागाडीच्या शर्यतीला ते छत्र मिळत नाही. घोडा आणि बैल एकत्र जुंपण्याच्या प्रकाराचे तर बोलायलाच नको. शिक्षकाच्या हातून गुन्हा घडला तर मालकालाही उत्तर द्यावे लागते.

वयाचा मुद्दाही याच घाईशी जोडलेला आहे. बाजारात दीड-दोन वर्षांचे शिंगरू घ्यायचे आणि सहा महिन्यांत त्यावर बसायचे, ही हौस घोड्याच्या आयुष्याला महाग पडते. पायांच्या हाडांची वाढ टप्प्याटप्प्याने पुरी होते. पाठीच्या मणक्यांची तर पाचव्या-सहाव्या वर्षापर्यंत चालते. वय सांगणाऱ्यावर विसंबू नये, दात पाहावेत. पुढच्या दातांपैकी मधली जोडी सुमारे अडीचाव्या वर्षी बदलते, शेजारची साडेतीनच्या, कडेची साडेचारच्या सुमारास. पाचव्या वर्षी तोंड भरते. मधले दुधाचे दातही पडलेले नसताना ‘आजच खोगीर चढवतो’ म्हणणाऱ्याकडे घोडा ठेवू नये. तोवर करण्यासारखे पुष्कळ असते. मोहरकी घालून शेजारी चालणे, चारही पाय उचलू देणे, टेम्पोत चढणे, अंगावर कापड टाकले तरी उभे राहणे. या धड्यांत दिखाऊ असे काही नाही, म्हणून मालकाला ते फुकट वाटतात. पुढे स्वार किती वजनाचा असावा, याचेही गणित आहे. माणूस आणि साज मिळून घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्यापेक्षा जास्त भार नसावा. साडेतीनशे किलोच्या घोड्यावर सत्तर किलो, साजासकट.

किती दिवसांत शिकवून देता, या प्रश्नाला तारीख सांगणारा शिक्षक संशयास्पद मानावा. घोडा शिकवण्याच्या उपलब्ध ग्रंथांपैकी अतिप्राचीन ग्रंथ मितान्नी राज्यातील किक्कुली नावाच्या अश्वशिक्षकाचा आहे. सुमारे चौतीसशे वर्षांपूर्वीच्या या मातीच्या पाट्या आजच्या तुर्कस्तानात, हित्ती राजधानीच्या उत्खननात सापडल्या. रथाचे घोडे तयार करण्याचा त्यातील क्रम सात महिन्यांचा आहे आणि फेऱ्यांसाठी वापरलेले शब्द मराठी कानाला नवल वाटावे इतके ओळखीचे आहेत: ऐक-वर्तन्न, तेर-वर्तन्न, पंझ-वर्तन्न, सत्त-वर्तन्न. एक, तीन, पाच, सात. त्या काळी रथांवर राज्ये टिकत, म्हणजे घाई करण्याचे कारण निपाणीच्या शर्यतीपेक्षा मोठे होते. तरीही किक्कुलीने आरंभी चाल, मग दुडकी आणि नंतर वेग असा धीमा चढ ठेवला.

व्यवहार लिहून घ्यावा, हा सल्लाही जुनाच. ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात झेनोफोन या ग्रीक सेनानीने घोडेस्वारीवरील ग्रंथात म्हटले आहे की, मुलाला कारागिराकडे उमेदवारीला ठेवताना जसा करार करतात तसा शिंगराबाबतही करावा आणि परत येताना त्याला काय काय आले पाहिजे ते लिहून ठेवावे. आपल्याकडे अजून ‘विश्वासावर’ चालते. साधा कागद पुरे: महिन्याचा मेहनताना किती, त्यात चंदी-वैरण, नालबंदी व औषध धरले आहे का, घोड्यावर शिक्षकाखेरीज आणखी कोण बसणार, मालकाच्या परवानगीशिवाय त्याला शर्यतीत किंवा वरातीत नेणार का, दुखापत झाली तर खर्च कोणाचा. शेवटच्या दोन कलमांवरून सर्वाधिक भांडणे होतात. पहिला महिना परीक्षेचा ठेवावा आणि सगळी रक्कम आगाऊ देऊ नये.

तबेलाही पाहावा लागतो. गोव्यातील एखाद्या हौशी मालकाने घोडा चोर्ला घाट चढवून बेळगाव परिसरात ठेवायचे ठरवले, तर दोन्ही बाजूंच्या पावसाचा विचार करावा. ओल्या, शेणामुताने भिजलेल्या जमिनीवर उभ्या घोड्याचे खूर सडतात. धनुर्वाताची लस दरवर्षी टोचलेली असावी, कारण या रोगाला घोड्याइतका सहज बळी पडणारा दुसरा पाळीव प्राणी नाही. त्याहून गंभीर म्हणजे ग्लँडर्स. हा रोग माणसालाही होतो, त्यावर उपचार करण्याची मुभा नाही आणि लागण सिद्ध झालेला घोडा नियमाप्रमाणे दयामरण देऊन पुरला जातो. बाजारांतून जनावरे सतत येत-जात असलेल्या तबेल्यात नवे घोडे काही दिवस वेगळे बांधतात का, रक्ततपासणीचे दाखले आहेत का, हे विचारल्यास शिक्षकाला राग येता कामा नये. (सत्तरी-डिचोलीच्या घोडेमोडणीतला लाकडी घोडा या बाबतीत सुखी, त्याला शिक्षकही लागत नाही आणि पशुवैद्यही.)

आता शिक्षणातील जो भाग सर्वांत जास्त टाळला जातो, तो मालकाचा. घोडा सहा महिने वस्तादाकडे शिकला आणि मालक त्या काळात दोनदा फोटो काढायला गेला, तर घरी परतलेला घोडा महिनाभरात सगळे विसरल्यासारखा वागतो. तो विसरलेला नसतो. त्याला मिळणारी खूण बदललेली असते. सीमाभागात ही अडचण शब्दशः भाषेची असते. एखादा वस्ताद कन्नडमध्ये थांबवतो, चुचकारतो दख्खनी उर्दूत, आणि मालक घरी मराठीत हुकूम देतो. घोड्याला भाषेचे वावडे नाही, पण शब्द आणि स्वर तोच लागतो. म्हणून आठवड्यातून एक धडा मालकाने शिक्षकाच्या देखरेखीखाली स्वतः घ्यावा, अशी अट आपण होऊन घालणारा शिक्षक मिळाला तर बाकीच्या चार उणिवा सोसाव्यात. ‘तुम्ही कशाला त्रास घेता, तयार झाला की पाठवतो’ असे म्हणणारा कितीही गोड बोलला तरी घोड्याचे दार मालकासाठी बंद करत असतो.

मधल्या काळात घोडा बिघडतो आहे, याची लक्षणे लवकर दिसतात. पूर्वी जवळ येणारा घोडा पकडू देत नाही. साज पाहताच अंग आकसतो. दाणा पुरेसा असूनही वाळतो, दाराची लाकडे कुरतडतो किंवा जागीच डुलत राहतो. अशा वेळी आधी पशुवैद्य, मग शिक्षकाशी बोलणे, आणि तरीही फरक पडला नाही तर मुदत संपायची वाट न पाहता घोडा घरी आणणे, हा क्रम ठेवावा. बुडालेल्या महिन्याच्या मेहनतान्यासाठी घोडा तेथेच ठेवणारे मालक पुढे तो धडा पुसून काढण्यासाठी दुसऱ्या शिक्षकाला दुप्पट दिवस देतात.

घरी आणताना शिक्षकाला बरोबर बोलवावे. घोड्याला नवी जागा हुंगू द्यावी; पहिल्या दिवशी खोगीर चढवू नये. दुसऱ्या दिवशी मोहरकी घालून अंगणातून, मग गल्लीतून, मग रस्त्याच्या कडेने त्याला हाताने चालवावे, आणि त्यानंतरची पहिली स्वारी, तीही कदमवर, शिक्षक शेजारी चालत असताना मालकाने स्वतः करावी. एकदा थांबवून उतरावे, लगाम सैल सोडावा आणि घोडा काय करतो ते पाहावे. तो जागीच उभा राहून मान खाली सोडत असेल, तर शिक्षकाची उरलेली रक्कम त्याच दिवशी चुकती करायला हरकत नाही.